वास कुबट, निदान 'गॅस लीक', बिल साडेचार हजार

सांगलीत आमच्या हॉलमधल्या एसीला वास यायला लागला आणि त्या वासावर एकानं साडेचार हजार रुपये काढले. ते कसे काढले हे सविस्तर लिहिते, कारण गॅसचा दाब दाखवणारा हाच काटा उद्या तुमच्याही घरी दाखवतील.

मशीन दीड टनाचं, हॉट अँड कोल्ड. म्हणजे हीट पंपच. आतला एक व्हॉल्व्ह फिरला की गॅस उलटा वाहतो आणि थंडीत बाहेरची उष्णता खोलीत येते. सासऱ्यांचे गुडघे थंडीत धरतात म्हणून मुद्दाम तसलं घेतलं. ऑक्टोबर हीटमध्ये रोज थंडवर चाललं. डिसेंबरात पहिल्यांदा गरमवर लावलं आणि हॉलभर न वाळलेल्या फडक्याचा वास सुटला. हवा मात्र चांगली गरम येत होती. हे लक्षात ठेवा.

सासूबाईंनी मोबाईलवर कंपनीचं नाव आणि 'सर्व्हिस सेंटर सांगली' टाकलं आणि सगळ्यात वर आलेल्या नंबरवर फोन केला. दुपारीच माणूस दारात. टी-शर्ट कंपनीच्या रंगाचा, ओळखपत्र काही नाही. आत आला, हुंगलं आणि म्हणाला, "काकू, हा गॅसचा वास हाय. लीक झालाय. म्हातारी माणसं हायत घरात, असं चालू ठेवू नका."

म्हातारी माणसं म्हटल्यावर सासूबाई घाबरल्याच.

मग गच्चीवर नेऊन त्यानं बाहेरच्या युनिटला गेज, म्हणजे दाब मोजायचं काट्याचं मीटर, लावला. काटा शून्यावर. "बघा, कायच शिल्लक न्हाई." गाडीतून एक कॅन आणला, नळी जोडली, काटा चढला. फिल्टर नळाखाली धुतला, आत कसला तरी लिंबाच्या वासाचा स्प्रे मारला. चहा निवायच्या आत काम संपलं. पैसे रोख, कच्च्या पावतीवर 'गॅस चार्जिंग व लीकेज काम' एवढंच.

स्प्रेचा वास उडाला आणि फडक्याचा वास परत आला. नंबर उचलायचं बंद झालं होतं.

शेवटी दिरांच्या ओळखीचा मिरजेचा मिस्त्री आला. त्यानं गेजला हात लावायच्या आधी आतल्या युनिटचं झाकण काढून बॅटरी मारली. ब्लोअरच्या पात्या-पात्यांत काळी बुरशी. खालच्या ट्रेमध्ये पाणी तुंबलेलं. ड्रेन पाईप फुंकला तर शेवाळाचा गिळगिळीत लांबडा गोळा सप्पकन बाहेर पडला. आमचं घर मार्केट यार्डाच्या बाजूला, हळदीची बारीक धूळ घरात असतेच. ओल्या कॉइलवर ती बसते आणि बुरशीला आयतं खाद्य होतं. थंडवर चालताना वास दबून राहतो, गरमवर कॉइल तापली की बाहेर पडतो. सगळं धुऊन त्यानं आठशे रुपये घेतले. वास गेला तो गेलाच.

मग मी त्याला काट्याचं विचारलं. त्यानं करूनच दाखवलं. नळीच्या तोंडाशी छोटा कॉक असतो. तो बंद ठेवून नळी जोडली की काटा शून्यावरच झोपून राहतो, मशीनमध्ये गॅस ठासून भरलेला का असेना. कॉक उघडला आणि काटा टणकन वर. आमच्या मशीनमधला आर-३२ गॅस बंद अवस्थेतही दोनशे पीएसआयच्या वर दाब दाखवतो. "वहिनी, गॅस शून्य असता तर गरम हवा आली असती का?" एवढा साधा प्रश्न, पण वासाच्या भीतीपुढं कुणाला सुचतो?

आणि वासाचं म्हणाल तर आर-३२ ला जवळजवळ वासच नसतो. स्वयंपाकाच्या गॅसला येतो तो मरकॅप्टनचा, गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला. एसीच्या गॅसात तो घालत नाहीत. खरी गळती असेल तर हवा थंड किंवा गरम होईनाशी होते, कॉइलवर बर्फ धरतो, पाईपच्या नटाशी तेलकट डाग दिसतो, साबणाच्या पाण्याचे बुडबुडे येतात. गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला, तर ती जागा दाखवा म्हणावं. ती बुजवून, आतली हवा काढायला व्हॅक्यूम पंप लावून, वजनकाट्यावर वजन करून गॅस भरायचा असतो. किती ग्रॅम, ते बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. आमच्याकडे आलेल्या त्या पहिल्या माणसाजवळ पंपही नव्हता आणि वजनकाटाही.

सगळे वास कुबटच असतात असं नाही. गटारासारखा वास आला तर ड्रेन पाईप कुठं सोडलाय ते बघा, बरेचदा तो थेट बाथरूमच्या लाईनीत असतो. कुजका असेल तर पाल किंवा उंदीर मेलेला. मोसमात पहिल्यांदा गरमवर लावल्यावर थोडा वेळ धूळ जळाल्याचा वास येतो, त्याचं काही नाही. पण प्लॅस्टिक जळाल्यासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर वायर तापतेय. तिथं विचार करत बसू नका, आधी एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा मेन स्विच, पाडा.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही हे खरं, पण समोरच्याचं नाव-पत्ता तर हवा. कच्च्या पावतीवर ना नाव, ना जीएसटी नंबर. खऱ्या कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डावर होता, तिथं विचारलं तर आमच्या नावानं कॉलच पडलेला नव्हता.

परवा जावेच्या फोनवरून तोच नंबर लावला. लगेच उचलला. आता ते दुसऱ्याच एका कंपनीच्या फ्रीजचं अधिकृत सर्व्हिस सेंटर आहेत.