टाय रॉडचा पूर्ण संच आणि रीकंडिशन्ड पंप: लोखंड पक्कं, रबर कच्चं

आधी निकाल सांगते. स्टिअरिंगचा म्हणून जो तयार संच मिळतो, म्हणजे दोन टाय रॉड एंड (चाकाकडचे सांधे), दोन रॅक एंड (रॅककडचे सांधे; रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की डावीउजवीकडे सरकणारा दातेरी दांडा), दोन रबरी बूट (रॅक एंडवरची घड्यांची आवरणं), लॉक नट, स्प्लिट पिना आणि क्लिपा, त्यातलं लोखंडी सामान मी पुन्हा घेईन आणि खुशीने घेईन. रबर आणि क्लिपा त्या डब्यातल्या वापरणार नाही. पॉवर स्टिअरिंगचा पंप रीकंडिशन्ड (जुनाच, पण आतून दुरुस्त केलेला) घेतला, त्याच्याबद्दल तक्रार काहीच नाही. डब्यावरचं नाव लिहीत नाही. सुट्या भागांच्या धंद्यात एकाच कारखान्याचा माल निरनिराळ्या डब्यांतून विकला जातो, त्यामुळे डबा उघडल्यावर काय बघायचं हे सांगणं जास्त कामाचं आहे.

माझी सगळी नोकरी मशिन शॉपच्या तपासणी खात्यात झाली. भाग हातात आला की आधी मापायचा, मग बोलायचं, ही सवय तिथली. गाडी जुनी आहे, दीड लाख किलोमीटर झालेली, हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगची. (इलेक्ट्रिक स्टिअरिंगवाल्यांनी पंप आणि तेलाचा भाग सोडून द्यावा, रॅक एंड आणि टाय रॉड त्यांच्याकडेही असेच असतात.)

लक्षणं दोन प्रकारची होती आणि ती वेगवेगळी ओळखता आली म्हणून पैसे वाचले. हळू चालवताना खड्ड्यावर खट् असा आवाज आणि स्टिअरिंग मध्यावर असताना थोडा ढिलेपणा, हे सांध्याचं लक्षण. गार इंजिनवर वळवताना घरघर आणि टाकीतलं तेल हळूहळू कमी होणं, हे पंपाच्या बाजूचं. पुढचं चाक उचलून तीनच्या आणि नऊच्या काट्यावर हात ठेवून हलवलं की खटका जाणवत होता. बाराच्या आणि सहाच्या काट्यावर हलवल्यावर चाक घट्ट. वरखाली हलवूनही खटका आला असता तर संशय बेअरिंगवर किंवा बॉल जॉइंटवर गेला असता. मग भावाला आत बसवलं, गाडी जमिनीवर, इंजिन बंद, आणि त्याला स्टिअरिंग थोडं थोडं डावीउजवीकडे हलवायला सांगितलं. मी बुटावरून रॅक एंडचा सांधा बोटांत दाबून धरला होता. रॉड हलायच्या आधी रॅक हलतोय, हे बोटांना स्पष्ट कळतं. बाहेरचा टाय रॉड एंड नुसत्या डोळ्यांनीही दिसत होता, त्याचं रबर फाटून आत चिखल गेला होता.

संच मागवण्याआधी एक गोष्ट केली आणि ती प्रत्येकाने करावी असं मला कळकळीने वाटतं. बुटाची बाहेरची क्लिप सोडून बूट मागे सरकवला आणि आत बोट फिरवलं. कोरडं होतं. आत तेल सापडलं असतं तर रॅकचं सील गेलेलं असतं, आणि मग नवे टाय रॉड, नवा पंप, सगळं जुन्या गळक्या रॅकवर बसवून काही उपयोग नसतो. अशा वेळी रॅकच बदलावा लागतो. आमची गळती पंपाच्या शाफ्टच्या सीलमधून आणि दाबाच्या होजच्या (तेलाच्या नळीच्या) तोंडाशी होती.

आता संच. टाय रॉड एंडचा स्टड (सांध्याच्या बॉलमधून निघालेला दांडा) निमुळता असतो आणि तो नकलच्या, म्हणजे चाक धरून वळणाऱ्या लोखंडी भागाच्या, निमुळत्या भोकात बसतो. सगळा जोर त्या दोन पृष्ठांच्या स्पर्शावर आहे, नट फक्त त्यांना एकत्र धरून ठेवतो. म्हणून मी स्टडला मार्किंग ब्लूचा, म्हणजे दोन पृष्ठं कुठे टेकतात ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा, अगदी पातळ हात दिला, स्वच्छ केलेल्या भोकात बसवला, किंचित फिरवला आणि काढून बघितला. निळा रंग वरपासून खालपर्यंत, सगळ्या बाजूंनी सारखा पुसला गेला होता. फक्त वरच्या कडेला किंवा फक्त तळाशी पुसला असता तर तो भाग मी परत पाठवला असता, कारण तसा स्टड भोकात डुलत राहतो आणि शेवटी भोकच खातो. दोन्ही एंड या परीक्षेत चोख उतरले. मग रंग पूर्ण पुसून ते कोरडेच बसवले. या निमुळत्या जागी ग्रीस किंवा तेल लावायचं नसतं.

आटे स्वच्छ कापलेले, कडांना बर (धारदार कंगोरा) नाही, लॉक नट हाताने शेवटपर्यंत सरळ फिरला. बॉल हातात धरून सगळ्या दिशांना फिरवला तर सारखा ताठ होता, कुठे अडकत नव्हता, कुठे एकदम सैल होत नव्हता. रॅक एंडचंही तसंच. रॉड आडवा धरला तर स्वतःच्या वजनाने खाली पडत नव्हता, हळूहळू झुकत होता. जुन्याचा बॉल मात्र आपोआप लोंबायचा.

आणि त्याच डब्यातलं रबर! बुटाच्या घड्यांवर साच्याची शिवण तशीच राहिलेली, रबर टणक, आणि रॉडवर बसणारं तोंड रॉडच्या खाचेपेक्षा सैल. क्लिपा म्हणजे वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. इतका चांगला बॉल बनवणाऱ्याने त्याच्यावर असं रबर का द्यावं, हे मला पटत नाही. रॅकचं आयुष्य बुटावर असतं. पाणी आणि माती आत गेली की आधी रॅक एंड गंजतो, मग रॅकच्या चकचकीत भागावर गंजाचे ठिपके येतात आणि तेच ठिपके सील कापतात. म्हणून बूट आणि स्टीलच्या क्लिपा गाडीच्या कंपनीच्या घेतल्या. दोन्ही शेजारी ठेवले तर फरक बोटाने दाबूनच कळतो.

काम स्वतः केलं, भाऊ मदतीला. जुना एंड काढायला बरेच जण दोन बोटांचा काटा घालून हातोडी मारतात. जुना भाग फेकायचाच असेल तर चालेलही, पण त्या सांध्याचं रबर त्यात हमखास फाटतं. मी स्क्रूचा पुलर वापरला. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, पुलर ताणला, आणि नकलच्या डोळ्यावर बाजूने हातोडीचा एकच नेमका ठोका दिला. स्टड ठाण् करून सुटला. पुलरवर नुसता जोर वाढवत नेण्यापेक्षा ताण देऊन बाजूने ठोका देणं केव्हाही बरं.

आट्यांचे फेरे मोजायची पद्धत सगळे सांगतात: एंड किती फेऱ्यांत सुटला ते मोजा, नवा तेवढ्याच फेऱ्यांत बसवा. फक्त बाहेरचा एंड बदलत असाल आणि नवा भाग जुन्याच्या मापाचा असेल, तर ती ठीक आहे. पण रॅक एंड आणि टाय रॉड एंड दोन्ही बदलताना फेऱ्यांना अर्थच उरत नाही, कारण दोन्ही भागांची लांबी आणि आट्यांची सुरुवात निराळी असू शकते. मी जुनी जोडी एकत्र ठेवूनच काढली आणि रॅकला टेकणाऱ्या खांद्यापासून बाहेरच्या बॉलच्या मध्यापर्यंतचं पूर्ण अंतर मोजलं. नवी जोडी त्याच मापावर टेबलावर जुळवली. संचातला रॅक एंड जुन्यापेक्षा थोडा आखूड निघाला, म्हणजे फेरे मोजून बसवला असता तर चाक चांगलंच वाकडं झालं असतं. आखूड असणं हा दोष नाही, आट्यांवर भरपूर जागा होती.

रॅक एंड सोडवायला नळीसारखा लांब पाना लागतो. तो वापरताना रॅक फिरू द्यायचा नाही, नाहीतर सगळा पीळ पिनियनच्या (रॅकला सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या) दातांवर जातो. रॅक धरायचा तो दातांच्या बाजूच्या सपाट जागेवर. चकचकीत दांड्यावर पाना लावला आणि ओरखडा आला की सील संपलं. लॉक वॉशर नवा घालून त्याच्या कडा नीट ठोकल्या. बाहेरच्या नटाला स्प्लिट पिनेचं भोक जुळत नसेल तर नट पुढेच घट्ट करायचा, मागे कधीच सोडायचा नाही. टॉर्कचे (नट किती जोराने आवळायचा त्याचे) आकडे प्रत्येक गाडीचे वेगळे, ते पुस्तकातूनच घ्यावेत.

पंपाबद्दल. रीकंडिशन्ड शब्दाला लोक घाबरतात, कारण काही ठिकाणी धुऊन रंग मारून जुनाच पंप परत देतात. माझ्या हातात आलेल्या पंपाची दोन्ही तोंडं प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद होती, शाफ्टला बाजूचा प्ले (ढिलेपणा) नव्हता, हाताने फिरवला तर आतल्या पात्या सारख्या सरकत होत्या. बरोबर नवी ओ रिंग, नवे तांब्याचे वॉशर आणि चाचणीच्या दाबाची चिठ्ठी. तोंडं बंद करून पाठवणारा माणूस आतली स्वच्छता जाणतो, एवढं मी खात्रीने म्हणते. पुली मात्र जुन्या पंपावरची काढून नव्यावर चढवावी लागते, आणि ती स्क्रूच्या साधनानेच चढवायची. हातोडीने ठोकली तर तो मार शाफ्टवाटे सरळ आत पोचतो. नवा पंप लावून आठवड्यात आवाज करू लागला अशी तक्रार ऐकली की मी आधी हेच विचारते.

दुसरं कारण जुनं तेल. पंप झिजतो तेव्हा त्याचा चुरा सगळ्या नळ्यांत फिरलेला असतो. परतीची नळी डब्यात सोडून, टाकीचं ते तोंड बंद करून, स्वच्छ तेल येईपर्यंत सगळं वाहू दिलं. तेल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घ्यावं. काही गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं, काहींना वेगळंच लागतं, आणि चुकीच्या तेलाने सीलं फुगतात. दाबाची होज नवी घातली, ती गाडीच्या कंपनीची. तिथे दाब शंभर बारच्या आसपास जाऊ शकतो, त्या जागी मी काटकसर करत नाही.

हवा काढायला घाई केली नाही. पुढची चाकं उचललेली, इंजिन बंद, भाऊ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवतोय, मी टाकीत तेल घालतेय. इंजिन सुरू केल्यावर तो ओरडला, "ताई, घरघर तशीच आहे!" टाकीत बघितलं तर तेल दुधाळ, फेसाळलेलं. म्हणजे हवा बाकी होती. इंजिन बंद करून फेस बसू दिला आणि पुन्हा तेच केलं. तेल पारदर्शक झालं तसा आवाज विरला. या वेळी स्टिअरिंग टोकाला दाबून धरून ठेवू नये, पंप पूर्ण दाबावर जातो आणि तेल झपाट्याने तापतं.

या यंत्रणेबद्दल मला खरंच आदर आहे. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ मध्ये आपलं हायड्रॉलिक स्टिअरिंग पिअर्स ॲरो गाडीवर चालवून दाखवलं, आणि विक्रीच्या मोटारीत ते आलं थेट १९५१ मध्ये, क्रायस्लर इम्पीरियलवर. तेल सतत फिरत ठेवायचं आणि चाक वळवलं तेवढाच दाब वाढू द्यायचा, ही मूळ कल्पना आजही माझ्या गाडीत तशीच चालते.

आता नाराजी, आणि ती व्हील अलाइनमेंटच्या दुकानाबद्दल. टाय रॉडला हात लावला की टो (वरून बघितल्यावर पुढची चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) पुन्हा बसवावाच लागतो, माप कितीही काळजीने जुळवलं तरी. तिथल्या मुलाने एकाच बाजूचा रॉड फिरवून टो आकड्यात आणला. छापील कागदावर सगळं हिरवं, आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग डावीकडे कललेलं. शिवाय बुटाची बाहेरची क्लिप न सोडताच रॉड फिरवल्यामुळे माझा नवा बूट पिळवटला होता. मी गाडी पुन्हा उचलायला लावली. स्टिअरिंग सरळ करून पट्टीने बांधलं, दोन्ही क्लिपा सोडल्या, बुटाच्या तोंडात थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं, आणि दोन्ही बाजू मिळून टो बसवायला सांगितला. त्याने ते मुकाट्याने आणि नीट केलं, हेही सांगायला हवं. पण हे गिऱ्हाइकाने सांगायचं काम नाही. ज्या गाड्यांना स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) असतो त्यांचा स्टिअरिंग अँगल सेन्सरही अशा वेळी तपासून घ्यावा.

त्यानंतर काही महिने गाडी रोज चालतेय. खटका गेला, मध्यावरचा ढिलेपणा गेला, टायरच्या आतल्या कडेला करवतीसारखे जे दात पडत होते ते नव्या टायरवर दिसत नाहीत. लॉक नटांवर पिवळ्या रंगाची रेघ ओढून ठेवली आहे, गाडी वर उचलली की नजर जाते. पंप गार इंजिनवरही गप्प असतो. परतीची नळी तेवढी जुनीच ठेवली आहे, तिच्यावर दाब नसतो. पुढच्या तेलाला तीही बदलेन.