मोठ्या अक्षरातलं मराठी बायबल, घ्यावं की नको?
फतेहगंजच्या एका दुकानातून आईसाठी घेतलं, इथं बडोद्यात मराठी बायबल सगळीकडे मिळत नाही, गुजरातीच जास्त. अक्षर खरंच मोठं आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसालाही वाचता येतं, पण कागद पातळ, मागच्या पानाची शाई दिसते आणि वजन बघता मांडीवर घेऊन जास्त वेळ बसवत नाही.

बाबांचं डायलिसिस, त्यात माझी नोकरी गेलेली, घरात नुसता गोंधळ. तेव्हा मीच रात्री उघडायला लागले. त्यातल्या '1 राजे' या पुस्तकाचा 19वा अध्याय वाचा. एलीया इतका मोठा संदेष्टा, तरी जिवाच्या भीतीने पळतो, झुडपाखाली बसून मरण मागतो, आणि देव त्याला लेक्चर देत नाही हो, देवदूत येतो, भाकर-पाणी देतो, परत झोपू देतो, परत उठवून खायला घालतो. मग पुढचा प्रवास. हे वाचून मी पण आधी जेवले, मग हॉस्पिटलच्या बिलाचं बघितलं. गिदोन नावाच्या सेनापतीचं पण वाचा ('शास्ते' पुस्तक, अध्याय 7), लढाईला आलेल्या 32,000 माणसांतून 300च उरतात.

बाइंडिंग ठीकठाक. पाच पैकी चार स्टार, एक कागदासाठी कापला.