अख्खी मासळी की बंद पाकीट? बेळगावात घेताना

बेळगाव आणि समुद्र यांच्यामध्ये एक घाट आहे, आणि इथल्या मासे खाणाऱ्याची सगळी चिंता त्या घाटाशी जोडलेली आहे. गोव्याचा माल चोर्ल्यावरून किंवा अनमोडवरून चढतो, वेंगुर्ला-मालवणचा आंबोलीकडून येतो, कारवारचाही येतो. सकाळी काट्यावर पडलेला बांगडा काल जेटीवर उतरला की तीन दिवस बर्फात होता, हे चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. विकणाऱ्याच्या नव्हे, बांगड्याच्या.

अलीकडे दुसरी सोय झाली आहे. थंडगार दुकानात साफ केलेले, तुकडे केलेले मासे आणि मटण पाकिटात मिळतात, सांगितलं तर घरी येतात. आपण कशावर विसंबावं, असं ओळखीतले बरेच जण विचारतात. मी दोन्ही वाटा पुरेशा वापरल्या आहेत. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण तुमच्या घराची गरज वेगळी असू शकते, तेव्हा हे माझ्या अनुभवापुरतं धरा.

पाकिटाची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. रविवारी सकाळी कॅम्पातल्या मच्छी बाजारात किंवा कसाई गल्लीत जी गर्दी असते, ती ज्यांना झेपत नाही त्यांना पाकीट हा मोठा आधार आहे. घरी मासा साफ करणारं कुणी नसेल, फ्लॅटमध्ये खवल्यांचा त्रास नको असेल, तर पाकीट बरंच. दर जास्त वाटतो, पण बाजारात मासा अख्खा तोलला जातो आणि डोकं-पोट-कल्ले गेल्यावर हातात बरंच कमी उरतं, हे हिशेबात धरलं की फरक दिसतो त्याहून कमी निघतो. स्वच्छतेत तर बाजार हरतोच.

तरीही मी पाकीट जवळजवळ सोडलं, ते एका गोष्टीमुळे. त्यावरची तारीख.

पाकिटावर छापलेली तारीख मासा पाकिटात भरल्याची असते. तो पाण्याबाहेर कधी आला, ते कुठेच लिहिलेलं नसतं. एकदा सुरमईच्या तुकड्यांचं पाकीट घेतलं, तारीख आदल्या दिवशीची. घरी कापून उघडलं आणि वास आला. कुजका नाही, पण जुना. तळला तरी तेलातून वर येणारा. दुकानाला फोन केला. बोलणारा मुलगा अतिशय सौजन्याने वागला, पैसेही परत मिळाले. पण मी विचारलं, “हा मासा जेटीवर कधी उतरला?” तर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्यापर्यंत तो डोकं नसलेला, कातडी अर्धी काढलेला, तुकडे होऊनच आला होता. तारीख खोटी नव्हती. माझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नव्हतं, एवढंच.

त्या दिवसापासून मला हे खुपतं की मासा वाचायच्या जागा म्हणजे डोळा, कल्ला आणि पोट, आणि पाकिटात नेमक्या त्याच काढून टाकलेल्या असतात. साफसफाई म्हणून काढतात, मान्य. पण घेणाऱ्याच्या हातातला सगळा पुरावा त्याबरोबर जातो. बाजारात मी कल्ला उचलून बघतो: लालभडक की विटकरी की तपकिरी. बोटाने पाठ दाबतो, खड्डा भरून येतो का पाहतो. बांगडा आणि तारली असेल तर पोटाकडे बघतो, कारण हे मासे आधी पोटात बिघडतात; पोट फुटलेलं किंवा लिबलिबीत असेल तर कितीही चकचकीत दिसो, मी घेत नाही. बांगड्याच्या बाबतीत हा नुसता चवीचा प्रश्न नाही. बांगडा आणि कुप्यासारखे (ट्यूना) मासे उबेत राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून किंवा तळून जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होणं, खाज, डोकेदुखी असं होतं, आणि आपण म्हणतो “मासा बाधला”.

कोळंबीला डोकं हवंच. डोकं काळं पडलेलं किंवा हात लावताच सुटणारं असेल तर पुढे चला. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिटलेल्या हव्यात. उघडी दिसली तर टिचकी मारा, जिवंत असेल तर मिटते. मोरीला, म्हणजे छोट्या शार्कला, अमोनियाचा वास येत असेल तर तो तिच्या जातीचाच, असं विकणारा सांगेल. ते अर्धं खरं आहे. तिच्या मांसातला युरिया फुटून तो वास येतो, पण तो उग्र झाला म्हणजे मोरी जुनी झाली.

आता खरं-खोटं. इथे तर अख्ख्या माशाला पर्यायच नाही. पापलेटच्या नावाखाली गोड्या पाण्यातला, तळ्यात वाढवलेला रूपचंद विकला जातो, हे समुद्रापासून लांबच्या गावांत नवीन नाही. अख्खा असेल तर लगेच कळतो: रूपचंदचं पोट तांबूस, तोंडात माणसासारखे चपटे दात, आणि पाठीवरच्या पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे एक छोटा मांसल पर. पापलेटला यातलं काहीच नसतं. रूपचंद खायला वाईट नाही, पण त्याला पापलेटचा दर का द्यावा? सुरमईचंही तसंच. अख्खी सुरमई ओळखायला लहान पोरगंही चुकत नाही, पण कातडी काढलेला तुकडा झाला की दुसऱ्या कुठल्याही मोठ्या माशाचा असू शकतो. आणि नुसतं ‘फिश फिले’ लिहिलेला पांढराशुभ्र, काटा नसलेला, चव नसलेला तुकडा बहुधा बासा नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशाचा असतो. पाकिटावर बासा लिहून विकला तर माझी काही तक्रार नाही.

बाजाराची माझी आवडती गोष्ट मात्र यापलीकडची आहे. तिथे उत्तर देणारं माणूस असतं. आमच्या नेहमीच्या मावशींना मी विचारतो, “मावशी, आज गाडी कुठली?”

“कारवारची ओ. रातीला आली.”

“आणि ही इकडची टोपली?”

“ती परवाची बगा. तळायला नको तुमाला. आमटीला न्या, कमी लावते.”

हे ऐकायला मला रांगेत थांबणं, घासाघीस, ओली चप्पल सगळं चालतं. सगळ्याच विक्रेत्या असं सांगतात असा माझा दावा नाही. पण महिनोन्‌महिने एकाच ठिकाणी घेत राहिलं की हे नातं जमतं, आणि पाकिटाशी ते जमत नाही.

पावसाळ्यात मात्र मी माझ्याच मताविरुद्ध वागतो. कर्नाटक आणि गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे जूनच्या मध्यानंतर इथे जो समुद्री मासा दिसतो, त्यातला बराचसा दूरवरून बर्फात आलेला असण्याची शक्यता धरावी. २०१८च्या जुलैत गोव्यात फॉर्मेलिनवरून, म्हणजे मासा टिकवायला फॉर्मल्डिहाइडचं द्रावण लावतात या संशयावरून, वादळ उठलं ते याच दिवसांत. परराज्यातून येणारा मासा गोवा सरकारने काही दिवस बंदच केला होता. त्या वर्षी बेळगावातही लोक माशाला हात लावायला कचरत होते. माशी बसत नाही म्हणजे फॉर्मेलिन आहे, असं तेव्हापासून सगळे सांगतात. मला त्यावर भरवसा नाही, बर्फावरही माशी बसत नाही. बोंबलासारख्या काही माशांत तर ठेवल्यावर थोडं फॉर्मल्डिहाइड आपोआपही तयार होतं. खात्री करायची तर कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने काढलेली कागदी पट्टीची चाचणी आहे. नुसत्या नजरेने ते ठरत नाही. म्हणून त्या दोन महिन्यांत मी समुद्राचा नाद सोडतो. हिडकल धरणाकडचा रोहू किंवा कटला मिळाला तर घेतो. नाहीतर चांगल्या कारखान्यात गोठवलेली कोळंबी. हो, पाकिटातलीच. पकडल्यावर लगेच उणे १८ अंशांत गेलेली कोळंबी तीन दिवस बर्फात भिजलेल्या ‘ताज्या’ कोळंबीपेक्षा बरी, असं माझं मत आहे. फक्त बर्फाच्या थराशिवायचं वजन पाकिटावर किती लिहिलंय ते बघा, आणि तळाशी बर्फाचा एकच गोळा झाला असेल तर ती वाटेत वितळून पुन्हा गोठली आहे असं समजून ठेवून द्या. नंतर श्रावण येतो, आणि बऱ्याच घरांत प्रश्नच मिटतो.

मटणाचं पारडं मला आणखी स्पष्ट वाटतं. आपल्या भागात धनगरांचे मेंढरांचे कळप भरपूर, त्यामुळे बोकड म्हणून मेंढ्याचं मटण हाती पडणं अवघड नाही. मेंढ्याचं मटण कमी प्रतीचं असं मी म्हणत नाही, पुष्कळांना तेच आवडतं. पण मागितलं ते मिळावं. खाटकाकडे धड अख्खं टांगलेलं असतं, शेपटी आणि अंड ठेवलेलं असतं, ते याच खात्रीसाठी. बोकडाची शेपटी आखूड आणि वर वळलेली, मेंढ्याची खाली लोंबणारी. मेंढ्याच्या अंगावर कातडीखाली चरबीचा जाड थर, बोकडाच्या अंगावर पातळ, त्याची चरबी आत गुर्द्याभोवती जास्त. बरगड्या बारीक आणि गुलाबीसर, चरबी पांढरी असेल तर कवळं. पिवळट चरबी दिसली तर जनावर वयस्क.

पाकिटातल्या मटणाची अडचण मला कुकर उघडल्यावर कळली. काही तुकडे विरघळायच्या बेतात, काही चिवट. माझा समज असा की त्यात वेगवेगळ्या जनावरांचे तुकडे एकत्र होतात, त्यामुळे एकच शिट्टी सगळ्यांना लागू पडत नाही. खाटकाला “मामा, मांडी अर्धा, चाप अर्धा, नळी घाला” असं सांगून समोर तोडून घेतलेलं मटण एकसारखं शिजतं. खानापूर-चंदगडकडे गावात ओळख असेल तर मिळून बकरं घेऊन वाटे करतात, त्याची सर कशालाच नाही, पण ती सोय शहरात नाही.

चिकनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. समोर सोललेली कोंबडी घ्या, किंवा पाकीट घ्या. माझ्या जिभेला फरक कळलेला नाही.

बाजारातून घेणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. सकाळी लवकर जा, आणि स्कूटरच्या डिक्कीत थर्माकोलचा डबा आणि बर्फ ठेवा. टिळकवाडी किंवा शहापूरपर्यंतचा रस्ता छोटा वाटतो, पण एप्रिलच्या उन्हात डिक्की तापते आणि बांगड्याला तेवढं पुरतं. घरी वयस्क माणसं एकटी राहत असतील, बाजारात जाणं शक्य नसेल, तर पाकीट निर्धास्त घ्या, फक्त दुकानदाराला सांगा, “आमच्यासाठी मासा डोक्यासकट ठेवा, समोर कापून द्या.” काही दुकानं हे करतात. जे करतील, त्यांच्याकडून मीही घेतो.