फायबर जिंको नाहीतर एअरफायबर, शेअर कुठला घ्यायचा?

ब्रॉडबँडमध्ये शेवटी कोण जिंकणार, जमिनीखालचं फायबर, गच्चीवरचा ५जी अँटेना की उपग्रह, हे एकदा कळलं की शेअरही आपोआप ठरेल, असं पुष्कळांना वाटतं. भारतात तसं होत नाही, कारण तिन्ही रस्त्यांवर टोलनाका एअरटेल आणि जिओ याच दोघांचा आहे. एअरटेलने ऑगस्ट २०२३ मध्ये एअरफायबर, म्हणजे तारेऐवजी ५जीच्या लहरींवरून घरात येणारं इंटरनेट, आणलं, पुढच्याच महिन्यात गणेश चतुर्थीला जिओने. फायबर दोघेही टाकतात. आणि स्टारलिंक ही स्पेसएक्सची उपग्रह-इंटरनेट सेवा येऊन यांचं दुकान बंद करणार अशी चर्चा रंगात असताना मार्च २०२५ मध्ये लागोपाठच्या दोन दिवसांत दोघांनीही स्पेसएक्सशी करार जाहीर केले!

म्हणजे तंत्रज्ञानांची ही लढाई मुख्यतः कंपनीच्या खर्चाच्या वहीत चालते. फायबरसाठी रस्ता खोदायची परवानगी हवी, मग सोसायटीची कमिटी, मग तार न्यायची नळी, म्हणजे डक्ट. पण एकदा तार घरात पोचली की पुढची कित्येक वर्षं क्षमतेची चिंता नाही. एअरफायबरचं उलटं. माणूस येतो, गच्चीत अँटेना लावतो, घरात राउटर ठेवतो, काम झालं. ५जीची रिकामी पडलेली क्षमता विकली जाते. मात्र घरचं कनेक्शन मोबाइलच्या कितीतरी पट डेटा ओढतं. एका टॉवरभोवती अशी घरं वाढली की मोबाइलवाल्यांचा वेग मार खातो आणि पुन्हा खर्च आलाच. म्हणून ‘इतकी लाख नवी घरं जोडली’ ही बातमी वाचून हुरळून जाऊ नये. त्यातली फायबरवर किती आणि हवेतून किती, हे आधी बघावं.

आता एअरटेल की रिलायन्स? जानेवारी ते मार्च २०२५ या तिमाहीत दरमहा प्रतिग्राहक उत्पन्न एअरटेलचं २४५ रुपये होतं, जिओचं साधारण २०६. एअरटेलकडे जास्त पैसे देणारा ग्राहक, जिओकडे ग्राहकसंख्या मोठी आणि घरच्या जोडण्यांचा धडाका जास्त. पण जिओसाठी रिलायन्स घेणाऱ्याच्या पदरात जामनगरची रिफायनरी आणि रिटेलची दुकानंही पडतात. शिवाय २०२० मध्ये फेसबुक (आताची मेटा), गूगल आणि इतरांना हिस्सा विकल्यावर जिओची मालक असलेल्या जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये रिलायन्सचा वाटा सुमारे ६७ टक्केच उरला. टेलिकॉमवरच पैसा लावायचा असेल तर माझं मत एअरटेलला. तिथेही आफ्रिकेचा धंदा आणि तिथल्या चलनांची घसरण सोबत येते, पण निदान धंदा तोच आहे. निव्वळ भारतीय हवं असेल तर राजस्थान आणि ईशान्येपुरती भारती हेक्साकॉम आहे, एप्रिल २०२४ पासून बाजारात.

‘सोन्याच्या खाणीत सोनं शोधू नका, फावडी विका’ हा सल्ला इथे हमखास मिळतो: कोणीही जिंको, फायबर आणि यंत्रं तर लागणारच. ऐकायला झकास. टेलिकॉमची यंत्रं बनवणाऱ्या तेजस नेटवर्क्सचे आकडे बघा. बीएसएनएलच्या ४जीच्या कामामुळे २०२४-२५ मध्ये विक्री ८,९०० कोटींच्या वर गेली. पुढच्या वर्षाच्या पहिल्याच तिमाहीत ती २०२ कोटींवर आली आणि कंपनी तोट्यात. धंदा बुडाला नव्हता, एक मोठी ऑर्डर संपली होती. फायबर बनवणाऱ्या स्टरलाइट टेक्नॉलॉजीजची गोष्ट आपल्या जास्त जवळची. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला काच तयार होते आणि तिची केसाएवढी तार ओढली जाते. हे काम देशात मोजक्याच कंपन्यांना जमतं. तरी अमेरिका-युरोपातल्या ग्राहकांनी आधी साठे करून ठेवल्याने मागणी आटली आणि कंपनी तोट्यात गेली. शेंद्र्यातला माल उत्तम असून उपयोग काय, ऑर्डर कधी येणार ते अमेरिकेतला खरेदी विभाग ठरवतो. ग्राहकाचं बिल दर महिन्याला येतं, ऑर्डर मनात आली की येते. असे शेअर घ्यायचेच तर ऑर्डर बुक (हातात असलेल्या एकूण ऑर्डरी), त्यातला सगळ्यात मोठ्या ग्राहकाचा वाटा आणि थकलेली येणी बघून, नफा दिसला की विकायच्या तयारीने. एसआयपी लावून विसरून जायचे हे शेअर नव्हेत.

टॉवरवाली इंडस टॉवर्स मधली जागा धरते. भाडं नियमित येतं, पण दोन मोठ्या भाडेकरूंपैकी एक एअरटेल, म्हणजे आता खुद्द मालकच, आणि दुसरी व्होडाफोन आयडिया. इंडस घेतली की व्होडाफोन आयडियाच्या तब्येतीची काळजीही विकत घेतली.

आणि स्वतः व्होडाफोन आयडिया? २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने एजीआरची, म्हणजे महसुलावर सरकारला द्यायच्या शुल्काची, थकबाकी मानेवर बसली. नंतर सरकारनेच थकलेल्या येण्यांच्या बदल्यात कंपनीचे शेअर घेतले. एप्रिल २०२५ मध्ये ३६,९५० कोटींचे घेतल्यावर सरकारचा हिस्सा जवळपास ४९ टक्के झाला. भाव स्वस्त दिसतो तो शेअरची संख्या अफाट असल्यामुळे. इथे फायबर की एअरफायबर हा प्रश्नच गैरलागू आहे. पैसे लावायचे तर ते दिल्लीतल्या पुढच्या निर्णयावर लावताय हे समजून लावा.