एचबीसीयूच्या पोरांसाठीची आर्मी-टेक स्पर्धा: मेंटॉर म्हणून गेले होते, साडेतीन स्टार देतेय

आधीच सांगते, स्पर्धेचं नाव टाकणार नाहीये, कारण खाली पैशांवरून रडगाणं आहे आणि आमच्या टीमला पुढच्या वर्षी परत तिथेच अर्ज करायचाय. पण आमच्या ग्रुपवर दोघातिघांना असल्या स्पर्धेत मेंटॉर व्हाल का म्हणून विचारणा झालीये, त्यांच्यासाठी लिहितेय. वीकेंड गेले, पेट्रोल गेलं, वेळ मात्र फुकट गेला असं नाही वाटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एचबीसीयू म्हणजे १९६४ च्या आधी मुख्यतः ब्लॅक विद्यार्थ्यांसाठी काढलेली कॉलेजं. अमेरिकेत शंभरेक आहेत, आमच्या मेरीलँड राज्यात चार. स्पर्धा त्यांच्याच विद्यार्थ्यांसाठी, विषय सैन्याला उपयोगी पडेल असं तंत्रज्ञान. साचा आता ठरलेलाच आहे, अमेरिकन आर्मीची एक्सटेक ही स्पर्धा २०१८ ला सुरू झाली, आपल्याकडचं संरक्षण खात्याचं आयडेक्सपण त्याच वर्षीचं, सगळीकडे साधारण तेच, आधी लेखी मागवतात, मग पिच म्हणजे परीक्षकांसमोर सादरीकरण, मग फायनल. आमचीही तशीच.

मला ह्यात ओढलं ऑफिसातल्या एका सीनियर सहकाऱ्याने. ते अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजचे, तेही एचबीसीयूच. मी वर्ध्याची म्हटल्यावर ह्या देशात सहसा कोणाच्याच चेहऱ्यावर काही उमटत नाही, हे मात्र हातातला कॉफीचा कप ठेवून म्हणाले, अरे, आमचे डॉक्टर मेज गांधीजींना भेटायला तिथेच गेले होते! बेंजामिन मेज, तेव्हा हॉवर्ड विद्यापीठात डीन होते आणि नंतर २७ वर्षं मोअरहाउसचे अध्यक्ष, १९३६ च्या शेवटी वर्ध्याला येऊन गेलेत. मी जन्माने वर्धेकर आणि हे मला अटलांटाचा माणूस सांगतोय. मग नाही कशी म्हणणार.

घरी पहिला प्रश्न आमच्या ह्यांचा, वेगळी स्पर्धा कशाला, उतरू दे की सगळ्यांबरोबर. मलाही आधी थोडं तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण इथे मेरीलँडमध्येच ह्या चार कॉलेजांना राज्याने डावललं म्हणून २००६ मध्ये केस झाली, ती मिटायला २०२१ उजाडलं, ५७.७ कोटी डॉलरवर मिटली. आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या दोन मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं पाठवली, की तुमच्या राज्यातल्या ब्लॅक लँड-ग्रँट (म्हणजे शेती-इंजिनियरिंग शिकवायला केंद्राच्या मदतीने चालणाऱ्या) विद्यापीठाला त्याच राज्यातल्या जुन्या लँड-ग्रँट विद्यापीठाच्या मानाने तीस वर्षांत मिळून १२ अब्ज डॉलरच्या वर कमी दिलेत. हे आकडे वाचून एक समजतं, आमच्या टीमच्या लॅबमध्ये गेल्यावर दुसरंच समजतं. ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) एक, त्याचा एक चॅनेल मेलेला, त्यावर कोणीतरी चिकटपट्टी लावून "आरआयपी" लिहिलेलं. सगळ्यांबरोबर उतरू दे म्हणे.

आता टीमचं काम सांगते, कारण खरी मजा तिथेच आहे. चौघं जण, तीन इलेक्ट्रिकलवाले आणि एक मुलगी बिझनेसची. सैनिक पाठीवर जे वाहून नेतो त्यात रेडिओ, नाइट व्हिजन वगैरेंच्या बॅटऱ्यांचंच वजन कित्येक किलो असतं आणि अर्धवट वापरलेली बॅटरी नक्की किती उरलीये कळत नाही म्हणून लोक चांगल्या बॅटऱ्यापण फेकून देतात. लिथियम सेलची भानगड अशी की तो रिकामा होईपर्यंत व्होल्टेज जवळपास तेवढंच दाखवत राहतो आणि मग एकदम पडतो, म्हणजे नुसता मीटर लावून काही कळत नाही. ह्यांनी कपड्याच्या चिमट्यासारखा एक क्लिप बनवला, तो बॅटरीवर क्षणभर लोड टाकतो आणि व्होल्टेज किती खाली बसतं त्यावरून अंदाज देतो. चांगली असेल तर हिरवा दिवा, संपत आली तर लाल. डोकं लावलेलं काम, आणि शस्त्रबिस्त्र काही नाही त्यामुळे माझ्या मनालाही बरं वाटलं, नाहीतर आई फोनवर म्हणालीच होती की पोरांना बंदुका बनवायला शिकवतेस का आता.

पहिली फेरी लेखी, आणि इथे एक स्टार मी कापला. व्हाइट पेपर म्हणजे काही पानांत सगळं कोंबायचं, टीआरएल (तंत्रज्ञान किती तयार आहे त्याची पातळी) कितवा, बाजार केवढा, आधीच्या तंत्रज्ञानापेक्षा वेगळं काय. ज्या कॉलेजात असली कागदपत्रं लिहून द्यायला अख्खं ऑफिस बसलेलं असतं त्यांना ठीक आहे, इथे प्राध्यापकच चार-चार कोर्स शिकवतात आणि ग्रँटचे फॉर्मपण तेच भरतात. आमच्या मुलांच्या पहिल्या मसुद्यात क्लिप कसा चालतो हे पाचव्या पानावर आलं होतं, आधीची चार पानं नुसतं इनोव्हेटिव्ह आणि गेम चेंजर. दोन शनिवार बसून ती चार पानं उडवली तेव्हा पेपर झाला. आयोजकांनी लेखीऐवजी दोन मिनिटांचा व्हिडिओ मागवला असता तर हात चालणारी पण इंग्रजी न फुलवणारी कितीतरी पोरं पुढे आली असती, असं माझं मत.

सेमी-फायनल मात्र पैसा वसूल. परीक्षकांत सूटबूटवाले होतेच, पण एक सार्जंट होता, वर्दीत, पंधरा मिनिटं एक शब्द नाही बोलला. मग क्लिप हातात घेतला, खिशातून जाड हातमोजे काढून घातले, आणि क्लिप उघडायचा प्रयत्न केला. उघडेना. दोनदा, तीनदा. हॉलमध्ये सुईपण ऐकू आली असती. मग शांतपणे विचारलं, आणि हा हिरवा दिवा रात्री मी कोणाला दाखवायचा, शत्रूला? आमचा टीम लीडर गार. अंधारात बारीक दिवापण लांबून दिसतो ही गोष्ट आम्हा पाचांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती, मेंटॉरबाईंच्या तर नाहीच नाही.

पण पार्किंगमध्येच त्या बिझनेसवाल्या मुलीने बॅगेतून काळी चिकटपट्टी काढली, दिव्यावर चिकटवली आणि म्हणाली, मिस के, आता हे कळणार कसं सांगा. परतीच्या वाटेवर गाडीतच ठरलं, जुन्या फोनमधली व्हायब्रेटरची मोटर बसवायची. तीन झटके म्हणजे भरलेली, एक म्हणजे फेका. चिमट्याची शेपटी दुपटीने लांब केली. हा एक प्रश्न मला विचाराल तर बक्षिसापेक्षा महाग आहे, कॉलेजात बसून तो कोणाला सुचला नसता. ह्या सार्जंटसाठीच एक स्टार जास्त.

एक मुलगा सारखा पणजोबांबद्दल बोलायचा. ते १९४४ मध्ये फ्रान्सात रेड बॉल एक्सप्रेसला ट्रक चालवायचे, फ्रंटवर पेट्रोल-दारूगोळा पोचवणारी लाइन, ड्रायव्हरांतले पाऊण ब्लॅक, कारण लढाऊ तुकड्यांत त्यांना सहसा घ्यायचेच नाहीत. राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने सैन्यातला भेदभाव संपवायचा हुकूम काढला तो १९४८ मध्ये. हा पोरगा म्हणाला, पणजोबांनी पण बॅटऱ्याच वाहिल्या असतील. पिचमध्ये घाल म्हटलं हे, तर नको म्हणाला, ते घरातलं आहे.

आता रडगाणं. फायनलला आम्ही दुसरे आलो, फोटो झाले, मोठ्ठा पुठ्ठ्याचा चेक मिळाला, सगळं छान. खरे पैसे यायला साडेचार महिने लागले. प्रवासाचा खर्च आधी स्वतःच्या खिशातून करा, मग पावत्या पोर्टलवर टाका, आणि पोर्टल अर्ध्या पावत्या "फाइल चुकीची" म्हणून परत करणार. ज्या मुलाने क्रेडिट कार्डावर चौघांचं हॉटेल भरलं तो सेमिस्टरभर व्याज भरत बसला. ही स्पर्धा नेमकी ज्या मुलांसाठी आहे त्यांच्याकडे आगाऊ खर्चायला पैसे नसतात हे आयोजकांना कोणी सांगायला हवं का? अर्धा स्टार इथे गेला. आणि पुढे काय, म्हणून तीन ईमेल केले, उत्तर नाही. सार्जंटचं नाव-गाव तरी द्या म्हटलं, सुधारलेला क्लिप दाखवायचाय, त्यावरही नाही. अजून एक स्टार गेला.

मला ह्यावरून लॉनी जॉन्सन आठवतात. सुपर सोकर ही पाण्याची बंदूक ज्यांनी शोधली ते, टस्कीगी ह्या एचबीसीयूचे इंजिनियर, एअर फोर्समध्ये होते, नंतर नासाच्या गॅलिलिओ यानावरपण काम केलं. १९६८ मध्ये शाळेत असताना दाबलेल्या हवेवर चालणारा रोबॉट घेऊन ते अलाबामा विद्यापीठातल्या स्पर्धेत गेले, तिथे एकटेच ब्लॅक, त्याच विद्यापीठाच्या दारात पाच वर्षांपूर्वी गव्हर्नर दोन ब्लॅक विद्यार्थ्यांना अडवायला उभा राहिला होता. पहिला नंबर आला. आणि ते सांगतात की त्या अख्ख्या स्पर्धेत विद्यापीठाची माणसं त्यांच्याशी एकच वाक्य बोलली, निघताना, नीट जा म्हणून. आता तसं नाही, आता हात मिळवतात, सेल्फी काढतात, स्टेजवर कौतुक करतात. नंतर गप्प बसतात ते बसतातच.

मोठी कामं होतायत हेपण खरं. २०२३ मध्ये हॉवर्डला एअर फोर्सचं संशोधन केंद्र मिळालं, ५ वर्षं, ९ कोटी डॉलर, असल्या केंद्राचं नेतृत्व करणारी पहिली एचबीसीयू, सोबत टस्कीगी, हॅम्प्टन, बोवी स्टेट वगैरे आठ कॉलेजं. तिथे निदान कोणाला फोन करायचा ते माहीत असतं.

मेंटॉर म्हणून जायचं असेल तर जाच, फक्त प्रवासखर्चाचं आयोजकांकडून आधी लेखी घ्या आणि जाड हातमोजे घरून घेऊन जा. आमच्या टीमने क्लिपची तिसरी आवृत्ती छापायला घेतलीये. थ्रीडी प्रिंटर नेमका एसीच्या झोताखाली आहे, गार वारा लागला की प्लॅस्टिक कोपऱ्यातून उचकटतं, म्हणून त्यांनी तो पुठ्ठ्याचा चेक मधोमध दुमडून वाऱ्याच्या बाजूने आडोसा म्हणून उभा केलाय. मागच्या आठवड्यात गेले तेव्हा बघितलं, प्रिंट एकदम सपाट येतायत.