दहा दिवसांत 'युएफा बी' लायसन्स: स्पेनच्या कोचिंग कोर्सच्या नावाखाली आम्हाला कसं लुबाडलं

परदेशात जाऊन फुटबॉल कोचिंगचा कोर्स करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी पैसे भरण्याआधी हे वाचावं म्हणून लिहितोय. आम्ही कोल्हापूर, सांगली आणि पुण्याकडचे काही प्रशिक्षक. कुणी शाळेत क्रीडाशिक्षक, कुणी पहाटे तालमीच्या संघाचा सराव घेणारा. माणशी दोन लाख ऐंशी हजार गेले. एकाने पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं, एकाने घरचं सोनं गहाण टाकलं होतं.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे शाहू स्टेडियमवर पेठांचा सामना पाहिलेल्याला सांगावं लागत नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला. त्यानंतर मुलाला मैदानावर सोडायला येणारे पालक विचारू लागले, "सर, तुमचं लायसन्स कुठलं?" रास्त प्रश्न आहे. त्याला चांगलं उत्तर देता यावं अशी आमची धडपड होती, आणि त्या भामट्याने नेमकी तीच हेरली.

पुण्यातल्या एका स्पर्धेत ओळखीच्या ओळखीने तो भेटला. खेळातलं त्याला कळत होतं, त्यामुळे बोलणं पटायचं. त्याच्या पत्रकात होतं: माद्रिदमध्ये दहा दिवस, मोठ्या क्लबचा सराव जवळून पाहणं, शेवटी 'युएफा बी' लायसन्स (युएफा म्हणजे युरोपची फुटबॉल संघटना), विमान, हॉटेल, व्हिसा, विमा सगळं त्यातच. "तुमचं डी लायसन्स आहे ना, थेट बीला बसवतो," असं तो छातीठोकपणे सांगायचा.

हे लायसन्स असं मिळत नाही. युएफाच्या नियमांप्रमाणे ते त्या त्या देशाचा फुटबॉल महासंघ देतो. बी लायसन्सचा कोर्स किमान १२० तासांचा असतो आणि त्यात प्रत्यक्ष संघाबरोबरचं काम आणि मूल्यमापन येतं. पुढे दर तीन वर्षांनी त्याचं नूतनीकरण करावं लागतं. आपल्याकडेही डी, सी, मग एएफसीचं (आशियाई फुटबॉल महासंघाचं) बी, ए, प्रो अशा पायऱ्या आहेत, आणि कुठलाही एजंट त्या ओलांडून देऊ शकत नाही. परदेशी क्लबांच्या अभ्यासभेटी खऱ्या असतात, त्यातून शिकायलाही भरपूर मिळतं. पण तिथे हातात पडतं ते सहभागाचं प्रमाणपत्र. सहलीच्या पत्रकावर 'लायसन्स' हा शब्द दिसला, की तिथेच थांबून महासंघाला विचारायचं.

पैसे त्याने तीन हप्त्यांत घेतले आणि प्रत्येक हप्त्यानंतर एक कागद हाती दिला. विश्वास बसावा म्हणूनच ही रचना होती. पहिल्या हप्त्यानंतर निमंत्रणपत्र आलं. लेटरहेड, शिक्का, सही सगळं जागेवर. ई-मेल मात्र जीमेलवरचा. दुसऱ्या हप्त्यानंतर मुंबई ते माद्रिद विमानाची तिकिटं आली. सहा अक्षरांचा पीएनआर एअरलाइनच्या साइटवर टाकला तर आमची नावं दिसत होती, त्यामुळे सगळे निर्धास्त झाले.

ही युक्ती नीट समजून घ्या. पैसे न भरताही जागा काही काळ धरून ठेवता येते, आणि तेवढ्यापुरता पीएनआर खरा दिसतो. तिकीट निघालं की त्यावर १३ आकडी ई-तिकीट क्रमांक येतो. त्याचे पहिले तीन आकडे एअरलाइनचे असतात, जसे एअर इंडियाचे ०९८. आमच्या पीडीएफवर तो क्रमांक नव्हता. काही दिवसांनी पीएनआर दिसेनासा झाला, तेव्हा "एअरलाइनने वेळ बदलली, नवा नंबर येतोय" असं उत्तर मिळालं. हॉटेलचंही तसंच. फुकट रद्द करता येणारं बुकिंग करायचं, कागद आम्हाला पाठवायचा आणि बुकिंग रद्द करून टाकायचं.

तिसरा हप्ता व्हिसाचा, २८ हजार. त्यात 'स्लॉट' म्हणजे अपॉइंटमेंटची वेळ मिळवण्याचे पैसेही धरलेले. स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. जून २०२४ पासून त्याची प्रौढांसाठीची फी ९० युरो आहे, वर केंद्राचं सेवाशुल्क. विम्याचं संरक्षण किमान ३० हजार युरोचं लागतं, पण त्याची पॉलिसी फार महाग नसते. शिवाय अर्जात प्रवासाचं कारण 'पर्यटन' लिहा, असं त्याने बजावलं होतं. जायचं कोर्सला आणि लिहायचं पर्यटन! असा अर्ज नाकारला गेला की ती नोंद युरोपच्या व्हिसा प्रणालीत पाच वर्षं राहते, आणि त्याची झळ पुढच्या खऱ्या संधीला लागते. हे त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

बोटांचे ठसे द्यायला आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला गेलो. व्हिसा केंद्राच्या दारातच सुरक्षारक्षकाने यादी पाहिली. आमच्यातलं एकही नाव नव्हतं. काउंटरवरच्या मुलीने अपॉइंटमेंटच्या कागदावरचा क्रमांक तपासून शांतपणे सांगितलं, "हा आमचा नंबर नाही, सर." फोन लावला तर बंद. त्याच दुपारी तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधले स्वतःचे मेसेज एकेक करून पुसत होता. आमच्यातल्या एका तरुण मुलाने प्रसंगावधान राखून आधीच सगळी चॅट एक्सपोर्ट केली होती. तक्रारीत सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला.

पैसे वेगवेगळ्या व्यक्तींच्या खात्यांत आणि यूपीआयवर गेले होते. पावतीवर जीएसटी क्रमांक नाही. परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याला ग्राहकाकडून टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा करायचा आयकर) घ्यावा लागतो आणि तो आयकराच्या पोर्टलवर आपल्या पॅनखाली दिसतो. आमच्या पॅनखाली असं काहीच नव्हतं. हे कुणीही घरबसल्या पाहू शकतं.

पोलीस ठाण्यात आधी "हा तर आपसातला व्यवहार" असं ऐकावं लागलं. सगळ्यांनी मिळून बँकेची स्टेटमेंट, बनावट पत्र, तिकिटं एकत्र लावली, तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर शेवटच्या हप्त्याची तक्रार लगेच गेल्यामुळे त्यातली थोडी रक्कम एका खात्यात गोठवली गेली. आधीचे हप्ते केव्हाच काढून घेतले होते. फसवणूक लक्षात आली की एकमेकांना विचारत बसू नका, आधी तो फोन करा.

आता तसंच पत्रक, तेच फोटो, पण लिस्बनचं नाव घालून गोव्यातल्या प्रशिक्षकांकडे फिरतंय, असं तिथल्या एका मित्राने कळवलंय. ते तुमच्यापर्यंत आलं असेल, तर निमंत्रणपत्र महासंघाच्या अधिकृत साइटवरच्या पत्त्यावर स्वतः पाठवून विचारा. पत्रकावरचा पत्ता किंवा फोन वापरू नका. आणि त्याने दिलेला खाते क्रमांक जपून ठेवा, आमच्या तपासाला त्याची गरज आहे.