डाउनहिल सायकलला एकच गिअर की सात?

डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग) दगडाला लागला, तो ज्यावर बसतो तो हँगर वाकला आणि त्याची पुल्या धरणारी केज चाकाच्या आऱ्यांत गेली, की सायकल ढकलत परतताना डोक्यात एकच विचार असतो: हे सगळं काढून टाकावं, मागे एकच कॉग, म्हणजे दात्यांची चकती, ठेवावा आणि मोकळं व्हावं. माझा दुसरा डिरेलर असाच गेला तेव्हा मी तेच केलं. एक अख्खा पावसाळा एका गिअरवर काढला आणि दिवाळीनंतर सात गिअरांवर आलो. सात माझ्यासाठी बरे ठरले, पण तुमच्यासाठीही ठरतील असं नाही. तुम्ही वर कसे जाता आणि तुमच्या उतारात सपाट तुकडे किती आहेत, यावर बरंच काही अवलंबून आहे.

पहिली गोष्ट, जी मला कोणीतरी आधी सांगायला हवी होती. मागे सस्पेन्शन नसलेल्या साध्या सायकलवर एक गिअर म्हणजे खरोखर सुटसुटीत काम. चाक मागे ओढून चेन ताणली की झालं, खाली काहीच लोंबत नाही. डाउनहिल सायकलला, म्हणजे डोंगरउतारावरून वेगाने खाली येण्यासाठीच्या सायकलला, मागे २०० मिलिमीटरच्या आसपास ट्रॅव्हल (चाक वर दबायची जागा) असतं. चाक वर दबलं की मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल आणि बॉटम ब्रॅकेट (पेडल ज्याभोवती फिरतात तो भाग) यांच्यातलं अंतर बदलतं. त्या अंतराला पुरेल एवढी चेन ठेवावीच लागते आणि सस्पेन्शन सुटलं की उरलेला ढिलेपणा ओढून धरायला टेन्शनर लागतो. तो बसतो कुठे? बहुतेक वेळा त्याच हँगरवर, जिथे डिरेलर होता. म्हणजे ज्या दगडापासून पळायचं होतं, तो दगड तिथेच राहतो. फरक इतकाच, की कॉग लहान असल्यामुळे आखूड केज पुरते आणि ती फ्रेमच्या जवळ, जमिनीपासून जरा वर राहते. हा फायदा खरा आहे, पण मी समजलो होतो त्याच्या निम्माच.

टेन्शनर निवडतानाही फसगत होते. एका पुलीचे छोटे टेन्शनर सस्पेन्शन नसलेल्या फ्रेमसाठी बनवलेले असतात, त्यांना एवढा ढिलेपणा ओढता येत नाही. दोन पुल्यांचा, स्प्रिंगवाला टेन्शनर हवा. किंवा जुना रोड सायकलचा आखूड केजचा डिरेलर वापरा. मी तेच केलं. केबलचा वीतभर तुकडा घ्यायचा, त्याचं डोकं डिरेलरच्या बॅरल अ‍ॅडजस्टरमध्ये (केबल आत शिरते त्या स्क्रूमध्ये) अडकवायचं, हाताने डिरेलर ढकलून पुली बरोबर कॉगखाली आणायची आणि केबलचा बोल्ट घट्ट करायचा. शिफ्टर (गिअर बदलायची कळ) नाही, हँडलपर्यंत जाणारी केबल नाही, डिरेलर जागच्या जागी स्थिर.

चेनची लांबी मात्र अंदाजाने कापू नका. शॉकची कॉइल (स्प्रिंग) काढा, एअर शॉक असेल तर हवा सोडा. चाक पूर्ण ट्रॅव्हलभर वर दाबा आणि त्या संपूर्ण प्रवासात अंतर जिथे सर्वांत जास्त होतं तिथे चेन पुरते का ते बघा. चेन आखूड पडली तर पहिल्याच मोठ्या ड्रॉपला, म्हणजे उंचावरून खाली आदळताना, हँगरसकट सगळं उखडून येईल. चेन गाइडही (चेन पुढच्या चकतीवरून उतरू न देणारा भाग) काढायचा मोह टाळा. वेगात जोर लावताना चेन पडली, तर पाय एकदम रिकामा जातो आणि तोल सुटतो.

आता आकडे बघू. २७.५ इंची चाकाचा घेर साधारण २.२ मीटर धरला, तर पुढे ३६ आणि मागे १४ दात्यांवर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.७ मीटर जाते. मिनिटाला ९० फेरे मारले तर ताशी ३० किलोमीटर होतात. त्यापुढे पाय नुसते भिरभिरतात. मागे १६ दाते लावले तर ९० फेऱ्यांना ताशी २७ किलोमीटर. निघताना सोपं जातं, पण पाय लवकर मोकळे पडतात. सात गिअरांच्या १० ते २४ दात्यांच्या कॅसेटवर (मागच्या कॉगांच्या संचावर) त्याच ९० फेऱ्यांत ताशी सुमारे १८ पासून ४३ किलोमीटरपर्यंतचा पल्ला मिळतो. उतारावर एका गिअरची खरी अडचण चढात नसते. वळणातून वेग मरतो, पुढे सपाट तुकडा येतो आणि तिथे दोन-तीन फेऱ्यांत परत वेग घ्यायचा असतो. ३६ × १४ वर तो पहिला फेरा गुडघ्याला जाणवतो.

उतारावर पेडल लागतंच कुठे, असं म्हणणाऱ्यांकडे दोन भक्कम दाखले आहेत. २०१५ मध्ये ऑस्ट्रियातल्या लेओगांगच्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेच्या अ‍ॅरन ग्विनची चेन सुरुवातीलाच तुटली आणि तरी तो जिंकला. त्याच्या आदल्या वर्षी नॉर्वेतल्या हाफ्येलच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत नीको मुलॅलीचंही तसंच झालं, तो चौथा आला. मला त्या दोन्ही शर्यती फार आवडतात, पण त्यांवरून गिअर निरुपयोगी ठरत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमारित्झबर्गच्या ट्रॅकवर मधला लांब पेडलिंगचा भाग हीच कसोटी असायची. तिथे चेन तुटणं म्हणजे शर्यत संपणं. शिवाय ग्विनच्या सायकलवर चेनच नव्हती. एक गिअर लावला तरी चेन राहते, तिची सस्पेन्शनवरची ओढही राहते. ‘चेनशिवाय’ वाटणारी मागची मऊशार चाल एका गिअरने येईल, अशी अपेक्षा ठेवू नका.

एका गिअरचं पारडं कुठे जड होतं? चिखलात. सह्याद्रीतल्या जुलैच्या काळ्या चिकट मातीत कॅसेटच्या फटी भरल्या की गिअर उड्या मारतात, एका कॉगचं तसं होत नाही. पुल्यांत चिखल जातो, पण पाण्याच्या बाटलीने सुटतो. केबल नसल्यामुळे ती गंजून जड होण्याचा प्रश्नच मिटला. दुसरं म्हणजे वजन. १० ते ५१ दात्यांची पोलादी कॅसेट सुमारे ६०० ग्रॅमची असते, एक कॉग आणि स्पेसर मिळून शंभराच्या आत बसतात. हे वजन मागच्या चाकावरचं, सस्पेन्शनने न तोललेलं. ते कमी झालं की चाक दगडांवरून चटकन वर-खाली होतं. मला हे पहिल्याच दिवशी जाणवलं. पण सात लहान कॉग ठेवले तरी यातला मोठा हिस्सा मिळतो, कारण वजन मोठ्या चकत्यांतच असतं.

सात गिअर करणं महागच असतं असं नाही. स्रॅम कंपनीचा डाउनहिलसाठीचा सात गिअरांचा संच मिळाला तर उत्तम. नाही तर पूर्वी अनेक डाउनहिलवाले करायचे तसं, रोड सायकलची ११-२५ कॅसेट आणि आखूड केजचा डिरेलर लावा. तेही नको असेल तर जुन्या कॅसेटचे मोठे तीन कॉग काढा, आऱ्यांच्या बाजूला स्पेसर घाला आणि डिरेलरचा एल स्क्रू (आऱ्यांकडची हद्द ठरवणारा) आत घ्या म्हणजे चेन तिकडे जाणार नाही. मोठ्या चकत्या रिव्हेटने जोडलेल्या असतील, तर रिव्हेट ड्रिल करून काढावे लागतात.

एक असो की सात, आधी फ्रीहब (मागच्या चाकाचा, कॉग बसतात तो भाग) बघा. एचजी या शिमानोच्या पद्धतीच्या खाचांचा असेल तर कॉग आणि स्पेसर हवे तसे मांडता येतात. स्रॅमच्या एक्सडी पद्धतीचा असेल तर बऱ्याच कॅसेट एकसंध येतात, सुटे कॉग बसत नाहीत. मग त्यासाठीचं वेगळं किट घ्या किंवा फ्रीहबची बॉडी बदला. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीवर एकच कॉग लावायचा तर तो रुंद बुडाचाच घ्या. पातळ कॉग सगळा जोर एका रेषेत देतो आणि बॉडीवर खोल खाचा पाडतो. माझ्या बॉडीवर त्या आजही दिसतात.

लिफ्ट किंवा जीपने वर जाऊन एकाच ओळखीच्या तीव्र उतारावर दिवसभर खाली येणार असाल, तर बिनधास्त एक गिअर लावा. पुण्यातल्या वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी वरही स्वतःच जायचं, मध्येमध्ये चढउतारही करायचे, तर सोळा किलोच्या सायकलवर एका गिअरने ढकलणंच जास्त होतं. तिथे सातही अपुरे पडतील, आहे ती मोठी कॅसेट राहू द्या. यांच्या मधले जे कोणी, त्यांनी सात घ्यावेत.

आणि काहीही विकत घेण्याआधी शिफ्टरवर टेप गुंडाळा. चेन १४ किंवा १५ च्या कॉगवर ठेवा आणि नेहमीच्या वाटेवर चार फेऱ्या मारा. पाय कुठे भिरभिरले, कुठे उतरून ढकलावं लागलं, ते घरी आल्यावर लिहून ठेवा. एकच गिअर लावायचं ठरलं, तर कॉग किती दात्यांचा घ्यायचा हेही त्याच कागदावरून कळेल.